एटीव्हीला नवे रिम-टायर घेताय? आधी आकडे जुळवा!

मंडळी, रिमचा रंग मागून ठरवा, आधी बोल्ट पॅटर्न बघा. बहुतेक होंडा-यामाहाला ४/११० लागतो, कॅन-ॲमला ४/१३७ आणि पोलारिसच्या बऱ्याच मॉडेल्सना ४/१५६. म्हणजे चार बोल्ट, आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये. इथे 'जवळपास' चालत नाही.

टायरवर २५x८-१२ लिहिलं असेल तर उंची २५ इंच, रुंदी ८ इंच, रिम १२ इंची. आणि रिमवरचं ५+२ म्हणजे ७ इंच रुंदीपैकी ५ आत, २ बाहेर. ४+३ घेतलंत तर प्रत्येक चाक इंचभर बाहेर येतं. गाडी वळणावर जास्त स्थिर वाटते, पण चिखलही अंगावर जास्त उडतो!

खरी गंमत उंचीत आहे. २५ चे २७ केले की गाडी जमिनीपासून फक्त १ इंच वर येते, कारण वाढीतली निम्मीच ॲक्सलखाली जाते. बदल्यात ओढ कमी होते, सीव्हीटी बेल्टवर ताण येतो, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या उंचीचं मूळ प्रमाण मोडू नका.

चिखलाचे खोल खाचांचे टायर दिसतात झकास, पण कडक वाटेवर हादरवतात आणि लवकर झिजतात. रोज चिखल नसेल तर ऑल-टेरेनच घ्या, असं माझं स्पष्ट मत.

ऑर्डर देण्याआधी गाडीचं मॉडेल आणि वर्ष विक्रेत्याला नक्की सांगा.