पातं लवायच्या आतला खेळ

कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की वाहनं कमी आणि देवीला चालत निघालेली माणसंच जास्त दिसतात. पंचेचाळीस किलोमीटर. पाऊल अडीच फुटांचं धरलं तर साठ हजार पावलं. तामलवाडीपर्यंत पाय गप्प असतात, तामलवाडी मागं पडली की बोलायला लागतात. मग रस्त्याच्या कडेला कुणी तेलाची बाटली घेऊन बसलेलं असतं आणि अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेऊन चोळत असतं. एकदा माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. टाचेला जुन्या चादरीची चिंधी गुंडाळलेली. तेल लावून घेताना तिनं विचारलं, "किती ऱ्हायलं रं?" मी म्हटलं, "आठ किलोमीटर, आजी." ती उठली आणि चालू लागली.

आठ किलोमीटर. हाच आकडा पुढं एका अमेरिकन खटल्याच्या कागदपत्रांत भेटला आणि मी थबकलो. गोल्फची अठरा होलांची एक फेरी म्हणजे साधारण पाच मैल, आपले आठ किलोमीटर, दहा-अकरा हजार पावलं. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकला चार दिवसांत ७२ होल खेळला, म्हणजे बत्तीसेक किलोमीटर चालला. धडधाकट माणसाला यात काही विशेष नाही. पण केसी मार्टिन नावाच्या माणसाला हे आठ किलोमीटर चालता येत नव्हते, आणि तेवढ्यावरून तीन न्यायालयांतल्या तेरा न्यायाधीशांना "गोल्फ म्हणजे नेमकं काय?" याचा निकाल द्यावा लागला.

या प्रश्नाचं उत्तर आधी आकड्यांत शोधू.

व्यावसायिक गोल्फर पूर्ण ताकदीनं फटका मारतो तेव्हा काठी आणि चेंडू एकमेकांना किती वेळ चिकटून असतात? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. तेवढ्यात ४६ ग्रॅमचा चेंडू चपटा होतो, परत गोल होतो आणि ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं सुटतो. काठीचं तोंड एका अंशानं वाकडं लागलं आणि चेंडू त्याच रेषेत गेला, तरी अडीचशे मीटरवर तो सव्वाचार मीटर बाजूला पडतो. घड्याळात मिनिटकाटा दहा सेकंदांत एक अंश सरकतो. एवढाच तो फरक.

आता हात सैल सोडून हिशेब करू. प्रत्येक फटक्याला सेकंदाचा हजारावा भाग धरू. फेरीत ७२ फटके. सगळे मिळून ०.०७२ सेकंद. डोळ्याचं पातं लवायलाही सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. म्हणजे पाच तासांच्या फेरीत काठी चेंडूला लागलेली असते तो सगळा वेळ एकत्र केला, तरी तो एक पातं लवायच्या आत संपतो. पाच तास म्हणजे अठरा हजार सेकंद. अडीच लाख भाग केले तर त्यातला एक भाग चेंडूला स्पर्श, बाकी सगळं चालणं, थांबणं, वारा बघणं, गवत बघणं, काठी निवडणं.

जागेचा हिशेब याहून अजब आहे. अठरा होलांच्या मैदानाला दीडशे एकर सहज लागतात. पाच-पाच एकरांचे तीस कोरडवाहू शेतकरी डोळ्यांपुढं आणा, त्या सगळ्यांची शिवारं मिळून एक मैदान. त्यात चेंडू जायचा ते होल फक्त १०८ मिलिमीटर रुंद. अठराही होलांची तोंडं शेजारी-शेजारी मांडली तर क्षेत्रफळ भरतं पावणेदोन चौरस फूट. आपली सोलापुरी चादर पाच फूट बाय साडेसात फुटांची धरली, तर तिच्या विसाव्या भागात अठराच्या अठरा होलं झाकली जातील. दीडशे एकर आणि चादरीचा एक कोपरा. जवळपास सदतीस लाखांत एक असं हे प्रमाण आहे.

मग खेळ कुठं आहे? त्या पातं लवायच्या क्षणात, की आठ किलोमीटर चालण्यात?

केसी मार्टिन १९७२ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, युजीन गावी जन्मला. उजव्या पायात जन्मजात विकार. वैद्यकात त्याला क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर सिंड्रोम म्हणतात. पायातलं रक्त हृदयाकडं नीट परतत नाही, पाय वाळत जातो, हाड ठिसूळ होतं, चालताना रक्ताची गाठ होण्याची, रक्तस्राव होण्याची, हाड मोडण्याची भीती कायमची. या पायावर उभं राहून त्यानं पंधरा वर्षांचा व्हायच्या आत राज्यातल्या सतरा कुमार स्पर्धा जिंकल्या. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात गेला. १९९४ साली तो संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि त्यानंतरच्या मोसमात त्याच संघात टायगर वूड्स नावाचा एक नवा मुलगा आला. मार्टिनला चालणं जमेना तेव्हा महाविद्यालयीन स्पर्धांच्या संघटनेनं त्याच्यापुरता चालण्याचा नियम बाजूला ठेवला आणि त्याला कार्ट, म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी, दिली. तेवढ्यानं महाविद्यालयीन गोल्फचं काही बिघडलं नाही.

व्यावसायिक स्पर्धांची मालिका भरवणाऱ्या टूरनं मात्र नाही म्हटलं. तिथं जाण्याची पात्रता परीक्षा तीन टप्प्यांची. पहिल्या दोन टप्प्यांत कुणालाही कार्ट चालत असे, तिसऱ्यात कुणालाच नाही. ज्येष्ठांच्या टूरवरही कार्ट चालायची. १९९७ साली मार्टिन न्यायालयात गेला. टूरचं म्हणणं असं: चालण्यानं थकवा येतो, थकव्यात खेळणं हा कसोटीचा भाग आहे, एकालाच बसायला दिलं तर खेळच बदलतो. आर्नल्ड पामर आणि जॅक निकलस या दिग्गजांच्या साक्षी टूरच्या बाजूनं झाल्या. केन व्हेंतुरीचीही झाली, आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. १९६४ च्या यूएस ओपनमध्ये तो भर उकाड्यात एका दिवशी ३६ होल, म्हणजे सोळा किलोमीटर, चालला होता. कोसळायच्या बेतात होता, डॉक्टर थांब म्हणत होते, आणि तो जिंकला. अशा माणसाला थकवा म्हणजे काय ते शिकवायची गरज नव्हती.

मग एका शरीरशास्त्रज्ञानं आकडा मांडला. पाच मैल, पाच तास, मधे कितीतरी विसावे. एवढ्या चालण्यात शरीर सुमारे ५०० कॅलरी खर्च करतं. एका बिग मॅक बर्गरमध्ये याहून जास्त असतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर नव्वद ग्रॅम शेंगदाणे. सोलापुरी शेंगाचटणीसाठी खलबत्त्यात पहिल्या खेपेला पडतात, जवळपास तेवढेच. अख्ख्या फेरीचा थकवा तेवढ्यात भरून निघतो. न्यायालयानं आणखी एक गोष्ट नोंदवली: कार्ट असली तरी मार्टिनला प्रत्येक फेरीत मैल-सव्वा मैल चालावंच लागतं. कार्टपासून चेंडूपर्यंत, चेंडूपासून कार्टपर्यंत, हिरवळीवर इकडून तिकडं. आणि त्या पायानं तेवढं चालताना त्याला येणारा थकवा धडधाकट खेळाडूच्या आठ किलोमीटरच्या थकव्यापेक्षा नक्कीच जास्त आहे.

२९ मे २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूनं निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं. खेळाचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही, असं त्यांनी म्हटलं. विरोधी मत न्यायमूर्ती स्कालिया यांचं. खेळाचे नियम मुळातच मनाला येतील तसे ठरलेले असतात, त्यातला कोणता आवश्यक आणि कोणता नाही हे न्यायालयानं कशाच्या आधारे ठरवायचं, हा त्यांचा मुद्दा. तो मला हलका वाटत नाही. होलं अठराच का, रुंदी १०८ मिलिमीटरच का, यालाही काही कारण देता येत नाही. पण मी त्या सात जणांच्या बाजूचा आहे. तुळजापूरच्या पायऱ्यांवर पंचेचाळीस किलोमीटर चालून आलेला आणि एस.टी.नं उतरलेला शेजारी-शेजारी उभे राहतात. चालत आलेल्याचं चालणं त्यानं कमी होत नाही. दर्शन दोघांचंही तेवढंच.

शिवाय या सगळ्या वादात एक माणूस कुणाच्या हिशेबात आला नाही असं मला राहून राहून वाटतं. खेळाडूच्या मागं तेच आठ किलोमीटर चालणारा कॅडी. खांद्यावर चौदा काठ्यांची जड पिशवी. थकवा हाच खेळ असता तर पिशवी खेळाडूच्याच खांद्यावर असायला हवी होती.

मार्टिनची व्यावसायिक कारकीर्द फार लांबली नाही. २००६ साली तो आपल्याच गावातल्या ओरेगन विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. ज्या महाविद्यालयीन गोल्फनं त्याला पहिल्यांदा कार्ट दिली होती, तिथंच परत.

तिथले आकडेही छाती दडपणारे आहेत. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्याला तीस संघ, प्रत्येकी पाच खेळाडू, वर सहा एकेकटे. एकूण १५६ मुलं. पहिल्या तीन दिवसांत ही मुलं मिळून ३,७४४ किलोमीटर चालतात, म्हणजे सोलापूर ते पुणे पंधरा वेळा. एरवीच्या स्पर्धांत तर एका दिवसात ३६ होलही खेळतात. गुण मोजायची पद्धत मला फार आवडते: रोज पाच जण खेळतात आणि चांगले चार आकडे धरतात. एकाचा दिवस वाईट गेला तर संघ तो पोटात घालतो. शेवटच्या आठ संघांत मात्र समोरासमोर पाच लढती, आणि तिथं प्रत्येक लढत मोजली जाते.

२०१६ साली अंतिम सामना युजीनच्याच मैदानावर आला. ओरेगन विरुद्ध टेक्सस. चार लढतींत दोन-दोन बरोबरी. पाचव्या लढतीत ओरेगनचा सुलमान रझा आणि टेक्ससचा टेलर फंक, अठरा होलांनंतरही बरोबरीत. एकोणिसावं, विसावं, एकविसावं. सुलमान याच गावचा मुलगा. एकविसाव्या होलावर त्याचा चेंडू आत गेला. मार्टिनच्या संघानं विद्यापीठाला पुरुष गोल्फचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

तो उजवा पाय २०१९ साली मोडला आणि नीट जुळलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. मार्टिन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता.

त्या पायाचा एक हिशेब मी करून ठेवला आहे. २००० साली मार्टिन मुख्य टूरवर २९ स्पर्धा खेळला. प्रत्येक स्पर्धेच्या दोनच फेऱ्या धरल्या तरी ५८ होतात. फेरीमागं कार्टबाहेरचे दोन किलोमीटर. म्हणजे ११६ किलोमीटर, दीड लाखाहून जास्त पावलं, एका वर्षात. सोलापूरहून तुळजापूर, तुळजापूरहून सोलापूर, आणि पुन्हा तामलवाडी ओलांडून पुढं.