ब्रेक फेल नव्हता, मग गाडी पळाली कशी?

उज्जैनच्या चिमनगंज मंडीत सोयाबीन आणि लसणाच्या हंगामात पिकअपच्या रांगा लागतात. बोलेरो पिकअप, 'छोटा हाथी' म्हणजे टाटा एस, पोत्यांनी काठोकाठ भरलेल्या. याच गाड्या पुढे छत्री चौक, पटनी बाजार, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराचा परिसर अशा दाटीतून दुकानांचा माल पोचवतात. अशी एखादी गाडी हातगाड्यांवर किंवा माणसांवर चढली की चालकाचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते: "ब्रेक नहीं लगा, गाड़ी अपने आप भाग गई." महाराष्ट्रातही तेच, फक्त मराठीतून. बातमीत 'ब्रेक फेल' छापून येते, गुन्हा चालकावर नोंदला जातो आणि चौकशी तिथेच थांबते.

मला हे थांबणे मान्य नाही. चालक बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो, पण त्याने सांगितलेले कारण खरे असतेच असेही नाही. त्या एका वाक्यामागे निदान तीन वेगळे प्रकार असतात: पाय चुकीच्या पेडलवर पडणे, एक्सिलेटर अडकून बसणे आणि डिझेल इंजिन ताब्याबाहेर जाणे. तिन्हींची कारणे वेगळी आणि जबाबदारीही वेगळी.

सुरुवात 'ब्रेक गेला म्हणून गाडी पळाली' या समजुतीपासून करू. ब्रेक गेला तर गाडी थांबत नाही, एवढेच. सपाट रस्त्यावर तिचा वेग वाढायला इंजिनाने जोर लावावा लागतो. म्हणून अशा अपघातानंतर साक्षीदारांना पहिला प्रश्न विचारायला हवा तो इंजिनाच्या आवाजाचा. गाडी नुसती घरंगळत आली की रेस केल्यासारखी गरजत आली? गरजत आली असेल तर केवळ ब्रेक तपासून काही हाती लागणार नाही.

मुंबईत 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची भाडेतत्त्वावरची विजेवर चालणारी बस वाहने आणि पादचारी चिरडत गेली. किमान सात जण मृत्युमुखी पडले, चाळीसहून अधिक जखमी झाले. तेव्हाही ब्रेक फेल झाल्याचेच सांगितले गेले. परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक काम करत असल्याचे आढळले. चालक क्लच-गिअरच्या गाड्यांना सरावलेला आणि या बसवर नवखा होता, हे पुढे आले. विजेच्या गाडीला क्लच नसतो, आणि पेडल दाबताच मोटर पूर्ण जोर लावते. चालकाला सावरायलाही वेळ मिळत नाही.

आता सगळ्यात अवघड समजूत. "माझा पाय ब्रेकवरच होता, आईची शपथ." हे ऐकून लोक एक तर संपूर्ण विश्वास ठेवतात किंवा माणसाला खोटारडा ठरवतात. दोन्ही चूक. अमेरिकेत 1986 च्या नोव्हेंबरात '60 मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ऑडी 5000 या गाडीवर आरोप केले आणि देशभर खळबळ उडाली. तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, 1989 मध्ये अभ्यास पूर्ण केला तेव्हा बहुसंख्य घटनांचे कारण निघाले चुकीचे पेडल. त्याच वर्षी रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञाने त्यामागची प्रक्रिया मांडली. चालकाचा निर्णय बरोबरच असतो, त्याला ब्रेकच दाबायचा असतो. पण स्नायू ती हालचाल दर वेळी तंतोतंत तशीच करत नाहीत. मागे वळून रिव्हर्स घेताना किंवा सीटवर नीट टेकण्याआधी गाडी सुरू करताना शरीराची बैठक बदललेली असते. पाय काही बोटे उजवीकडे पडतो. पायाकडे आपण बघत नाही. मेंदूला पाठवलेली आज्ञा ठाऊक असते, त्यामुळे पाय ब्रेकवरच आहे असे तो धरून चालतो. गाडी उसळली की घाबरलेला माणूस तेच पेडल आणखी जोराने दाबतो, कारण त्याच्या हिशेबाने तो ब्रेक आहे आणि तो लागत नाही. हे सारे काही सेकंदांत घडते. नंतर तो शपथेवर सांगतो ते त्याच्यापुरते खरेच असते.

यात वयाचा, शिक्षणाचा किंवा अनुभवाचा अपमान नाही. जपानने हे ओळखले आणि तिथे सप्टेंबर 2028 पासून क्लच नसलेल्या नव्या मोटारींना चुकून दाबलेला एक्सिलेटर ओळखून वेग रोखणारे उपकरण सक्तीचे होणार आहे. माणसाची चूक होणारच हे धरून यंत्र घडवायचे, हीच मला योग्य रीत वाटते.

पण म्हणून 'प्रत्येक वेळी चालकाचीच चूक' हा निष्कर्ष काढणे हाही तितकाच मोठा गैरसमज आहे, आणि पिकअप चालवणाऱ्या गरीब माणसाला तो जास्त महागात पडतो. 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाची एक लेक्सस गाडी अनावर होऊन चौघांचा बळी गेला. चालक महामार्ग पोलिस दलातला होता, म्हणजे नवशिका नव्हे. गाडीत भलत्याच मॉडेलची जाड रबरी मॅट घातलेली होती आणि एक्सिलेटर तिच्यात अडकला होता. टोयोटाने त्यानंतर मॅटच्या कारणाने सुमारे 38 लाख आणि जानेवारी 2010 मध्ये पेडल चिकटण्याच्या कारणाने सुमारे 23 लाख वाहने परत बोलावली. टॅकोमा आणि टुंड्रा हे तिचे दोन पिकअप ट्रकही त्यांत होते. हे दोष कंपनीने लोकांपासून दडवले म्हणून मार्च 2014 मध्ये तिला अमेरिकी सरकारला 1.2 अब्ज डॉलर भरावे लागले. पुढे एप्रिल 2024 मध्ये टेस्लाने सायबरट्रक हा पिकअप परत बोलावला. त्याच्या एक्सिलेटरवरची धातूची पट्टी निसटून वरच्या पॅनेलमध्ये अडकत होती, कारण जोडणीच्या वेळी ती बसवायला साबण वापरला गेला होता. अशी 3,878 वाहने होती. त्यांच्या चालकांना 'पाय चुकला असेल' म्हणून घरी पाठवले असते तर हा दोष सापडला नसता.

आपल्या पिकअपमध्ये अडकणारी वस्तू बहुधा याहून साधी असते. एकावर एक टाकलेल्या दोन मॅट, सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली, पायातून निसटलेली चप्पल. बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही, आणि तिथे 'ब्रेक नहीं लगा' हे शब्दशः खरे असते.

"जुनी वायरची गाडी बरी, या कॉम्प्युटरच्या गाड्या भरवशाच्या नाहीत," असे अनेक मिस्त्री सांगतात. एक्सिलेटरची वायरही गंजते, तिचे तंतू सुटून ती आवरणात अडकते. नव्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि त्यांचा मेळ बसला नाही तर संगणक इंजिनाचा जोर उतरवतो. टोयोटाच्या वादात नासाच्या अभियंत्यांनी तपास केला आणि फेब्रुवारी 2011 च्या अहवालात अनावर वेगाला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचे सांगितले. पुढे 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने मात्र सॉफ्टवेअरमधील दोषांबद्दल तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला. म्हणजे संगणकावर आंधळा विश्वास नको आणि सरसकट संशयही नको.

आणखी एक समजूत अशी की इंजिन पूर्ण जोरात असले की ब्रेकचे काही चालत नाही. खरे तर चांगल्या स्थितीतले ब्रेक इंजिनापेक्षा कितीतरी बलवान असतात. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने सहा सिलिंडरची टोयोटा कॅमरी ताशी 112 किमीवरून, एक्सिलेटर पूर्ण दाबलेला ठेवून, थांबवून पाहिली. एरवी 53 मीटरमध्ये थांबणारी गाडी 58 मीटरमध्ये थांबली. फरक जेमतेम पाच मीटरचा. मात्र ब्रेक एकदाच, घट्ट आणि न सोडता दाबायला हवा. सोडून सोडून दाबला तर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपू शकतो आणि पेडल दगडासारखे कडक होते. क्षमतेहून जास्त पोती भरलेली, ब्रेक लायनर झिजलेली पिकअप या परीक्षेत नापास होईल, हेही सांगायला हवे.

उरला तिसरा प्रकार, जो डिझेल गाड्यांचा खास आहे. टर्बोचे सील झिजले किंवा इंजिनात ऑइल प्रमाणाबाहेर भरले तर ते ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते आणि इंधनासारखे जळू लागते. मग इंजिनाला टाकीतल्या डिझेलची गरजच उरत नाही. एक्सिलेटरवर पाय नसतानाही फेरे वाढत जातात, मागे पांढरा किंवा निळसर धुराचा लोट उठतो आणि चावी फिरवली तरी इंजिन बंद पडत नाही. 'चावी बंद केली की सगळे बंद' ही समजूत इथे पूर्ण खोटी ठरते. अशा वेळी आधी क्लच दाबून ब्रेकने गाडी उभी करावी. मग हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन दबून बंद पडते. तसे जमले नाही तर गाडीपासून दूर व्हावे. बॉनेट उघडून आत हात घालू नये, इंजिन फुटू शकते.

बीएस-6 गाड्यांत उभ्या गाडीची रेस थोडी आपोआप वाढते, तो वेगळा विषय. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी संगणक तसे करतो. त्यात बिघाड नाही.

क्लचच्या गाडीला एक मोठे संरक्षण आहे. डावा पाय दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो, कारण काहीही असो. क्लच नसलेल्या गाडीत हेच काम न्यूट्रल करतो. चालू गाडीत चावी बंद करून ओढून काढणे मात्र घातक आहे. स्टेअरिंग लॉक होऊ शकते आणि ब्रेकचा बूस्टरही जातो.

1 एप्रिल 2021 पासून आपल्याकडे सदोष वाहने परत बोलावण्याचे सक्तीचे नियम आहेत. सात वर्षांच्या आतल्या वाहनाचा मालक केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतो. पुरेशा तक्रारी आल्या तर चौकशी होते आणि दोषी कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उज्जैनच्याच माळव्यात, इंदूरजवळच्या पिथमपूरला, नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या 11.3 किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन 2021 मध्ये झाले. तज्ज्ञ आणि साधने हाताशी असताना 'ब्रेक फेल' लिहून फाइल बंद करणे हा मेलेल्यांवर आणि चालकावर दोघांवरही अन्याय आहे.

2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल. माल पोचवणाऱ्या पिकअप आणि क्लच नसलेल्या विजेच्या गाड्या याच गल्ल्यांतून, याहून कितीतरी दाट गर्दीतून जातील. ज्यांच्या घरची पिकअप आहे त्यांनी आजच पायाखालची जास्तीची मॅट काढावी आणि बाटलीला दरवाज्यात जागा करावी. नवी गाडी हाती आलेल्या चालकाला रिकाम्या मैदानात नेऊन न्यूट्रल टाकण्याचा सराव करून घ्यावा, तोही हात आपोआप चालेपर्यंत. आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर गाडी हलवण्याआधी पेडलजवळच्या जागेचे फोटो काढून ठेवा. चालकाच्या बाजूने बोलणारा तो एकमेव पुरावा असू शकतो.