जुनी जीप, घरची हत्यारं
भाग सातवा : स्टेअरिंग वॉबल का मारतं?

मागच्या भागात ब्रेकचे ड्रम उघडले, तेव्हा पुढची चाकं उतरवायची सवय झालीच असेल. आता त्या चाकांमागे चला. जुन्या जीपचा मालक गळणाऱ्या तेलाला घाबरत नाही, धुराला तर नाहीच. तो एकाच गोष्टीला घाबरतो. पन्नास-साठचा वेग आहे, रस्ता सरळ आहे, पुलाच्या सांध्यावर एक चाक जरा आपटतं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी झटके मारायला लागतात. स्टेअरिंग हातातून निसटू पाहतं, बॉनेट नाचतं, शेजारी बसलेला माणूस देवाचं नाव घेतो. वेग अगदी खाली येईपर्यंत हे थांबत नाही. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘गाडी वॉबल मारते.’

असं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंगशी झुंजू नका, नुसतं धरून ठेवा आणि ब्रेक हलक्या पायानं लावा. बाकी सगळं घरी आल्यावर.

या थरथरीचा उगम समजला की अर्धं काम झालं. जीपचा पुढचा ॲक्सल म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकसंध दांडा. आजच्या मोटारींसारखी प्रत्येक चाकाला वेगळी मोकळीक त्यात नाही. दोन्ही चाकं टाय रॉडनं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे एकाला धक्का बसला की दुसऱ्याला तो लागतोच. सांधे घट्ट असतील तर तो धक्का तिथेच मरतो. पण प्रत्येक सांध्यात केसभर खेळ असेल, तर चाक थोडं वळतं, परत येताना थोडं पुढे जातं, पुन्हा उलट वळतं. एका ठरावीक वेगाला चाकाच्या फिरण्याची लय आणि या हेलकाव्याची लय जुळते. मग देवळातल्या घंटेला वेळेवर मिळालेल्या टोल्यांसारखा प्रत्येक फेरा हेलकावा वाढवत नेतो. वेग उतरला की लय मोडते आणि सगळं शांत होतं. म्हणून तीच जीप चाळीसला शहाण्यासारखी वागते आणि पंचावन्नला अंगात आल्यासारखी.

यातून निघणारी गोष्ट मिस्त्रीही पुष्कळदा विसरतात : जो भाग हलताना दिसतो तो दोषी असेलच असं नाही, आणि दोषी बहुधा एकटा नसतो. पाच ठिकाणचा थोडा-थोडा खेळ मिळून हा प्रकार होतो. त्यामुळे अंदाजानं एक सुटा भाग बदलायचा, फिरून बघायचं, मग दुसरा बदलायचा, हा मार्ग खिशालाही वाईट आणि जिवालाही.

आपण कोणत्या जीपबद्दल बोलतोय तेही सांगतो. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथे इतकी वर्षं निघत राहिलं की अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं तरी आपल्याकडे त्याची वंशावळ चालूच राहिली. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, प्युजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. या सरमिसळीचा त्रास हत्यारांच्या पेटीला होतो. विलीजकडून आलेल्या सांगाड्याचे आणि ॲक्सलचे बोल्ट इंचात, फ्रेंच इंजिनाचे मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेराचा पाना चढतो, बरा बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेला बोल्ट असेल तर कोपरे सोलून मोकळा होतो. दोन्ही मापांचे पाने ठेवा. खाली जे वर्णन आहे ते सीजे-३बीच्या घराण्यातल्या, बंद गोळ्याच्या ॲक्सलचं आहे. नंतरच्या मॉडेलमध्ये रचना थोडी वेगळी दिसेल, तपासणीचा क्रम तोच.

आता जॅक. सपाट, कडक जमीन हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावा, पुढचा ॲक्सल उचला आणि त्याखाली लोखंडी घोडी लावा. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर नकोतच, ते सूचना न देता फुटतात. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप गडगडू शकते. आज आपण पुढची बाजू उचलतोय म्हणून हँडब्रेक उपयोगी आहे, पण ही सवय मागच्या कामाला घेऊन जाऊ नका. आणखी एक : मूळ विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. तुमच्या जीपवर तसे आहेत का ते आधी बघा. पान्याला पाइप लावून घट्ट करत बसलात तर स्टड तुटेल आणि दोष बिचाऱ्या गंजाला द्याल.

तपासणी टायरपासून सुरू करायची, कारण ती फुकट आहे. हवा दोन्हीकडे सारखी आहे का, टायर कुठे फुगलाय का, रिम वाकलीय का. या जीपला मुळात ६.००-१६ मापाचे अरुंद टायर होते. त्यांच्या जागी रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिम लावल्या की जमिनीचा धक्का किंगपिनपासून लांब लागतो आणि लांब दांड्यानं ढकलल्यासारखा स्टेअरिंगवर येतो. दिसतं झकास, हे मान्य. पण सुटे भाग त्यापुढे फार टिकत नाहीत.

मग जीप चाकांवर उभी असतानाच एका माणसाला आत बसवा. त्यानं स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, न थांबता हलवत राहायचं. तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. बोट दोन भागांवर एकदम टेकलेलं असलं की त्यांच्यातला खेळ डोळ्यांआधी बोटाला कळतो. क्रम असा ठेवा : स्टेअरिंग बॉक्सचा आर्म, तिथून निघणारा ड्रॅग लिंक, मधला बेल क्रँक, टाय रॉडची टोकं. जुन्या विलीजच्या रचनेत बेल क्रँक हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ड्रॅग लिंकचा धक्का तो दोन टाय रॉडमध्ये वाटतो, पण त्याच्या ग्रीस-निपलवर चिखलाचा थर असतो, गन लावताना तो सुटून जातो आणि आतलं बेअरिंग कोरडं पडून झिजतं. पकडून वर-खाली हलवा. डुलला तर दुरुस्ती तिथून सुरू. ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्लग मात्र खेळ घालवण्यासाठी गच्च आवळू नका. आवळून थोडा मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्यात जी बचत होते तिला माझ्या मते काडीचा अर्थ नाही.

यानंतर चाक उचलून वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बाराला आणि सहाला, हात ठेवून हलवा. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो चाकाच्या बेअरिंगमधला. ड्रम आणि मागचा पत्रा एक झाल्यामुळे बेअरिंग हिशेबातून बाहेर जातं. ब्रेक दाबूनही खेळ उरला, तर किंगपिन.

चाकाचं बेअरिंग सोपं आहे. हबवर दोन मोठे नट आणि मध्ये दुमडायचा वॉशर. आतला नट चाक अडेपर्यंत आवळायचा, साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, वॉशर दुमडायचा, बाहेरचा नट लावायचा. यासाठी दोन पूर्णांक एक-सोळांश इंची बॉक्स लागतो. तो नाही म्हणून छिन्नी-हातोडीनं नट फिरवणारे पुष्कळ आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या जीपच्या हब-नटावर त्यांची सही सापडते. बॉक्स विकत घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधलात तर मिळून जाईल.

किंगपिनला वेळ द्यायला हवा. ॲक्सलच्या टोकाला पोकळ लोखंडी गोळा असतो. त्यावर पुढचं नकल वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर डावी-उजवीकडे फिरतं. वरच्या टोपीखाली पातळ शिम असतात. शिम काढला की बेअरिंग घट्ट होतं, घातला की सैल. किती घट्ट, हे हाताच्या अंदाजावर सोडायचं नसतं. टाय रॉड सोडवा, मागचं तेलसीलही सोडवा, नाहीतर सीलचा विरोध मोजला जाईल. मग रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा तानकाटा आर्मच्या भोकात अडकवून ओढा. नकल संथपणे फिरत असताना काटा काय दाखवतो ते वाचा, पहिल्या झटक्याचा आकडा नको. किती यायला हवा ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. फार घट्ट झालं तर वळण घेतल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणि घाटात ते वॉबलइतकंच त्रासदायक असतं.

पण शिम काढूनही काम होत नाही, अशी एक वेळ येते आणि ती नेमकी ओळखता आली पाहिजे. हे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखं गोल फिरत नाही. सरळ रस्त्यावर ते एकाच जागी उभं असतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच त्या रोलरांखाली मार खातं. वर्षानुवर्षांच्या माराने कपात रोलरच्या आकाराच्या बारीक खाचा पडतात. मग चाक सरळ असताना रोलर खाचेत बसून खेळ दाखवतात आणि वळवलं की खाचेबाहेर चढून अडकतात. सरळमध्ये सैल, वळणात जड, अशी विचित्र तक्रार असेल तर शिमांशी खेळू नका. टोपी उघडा, कप डिझेलनं धुवा आणि नखानं चाचपा. खाच लागली तर बेअरिंग आणि कप दोन्ही नवीन. नुसतं बेअरिंग बदलून जुना कप ठेवला तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

उघडलंच आहे तर गोळ्याचा पृष्ठभाग बघा. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या जीपचा गोळा गंजून खडबडीत होतो. तो खडबडीतपणा नमद्याची आणि रबराची सील खरवडतो. मग पाणी आत जातं आणि ग्रीस दुधाळ होतं. बारीक पॉलिश पेपरनं गोळा गुळगुळीत करून मग नवी सील बसवा. खाचा खोल असतील तर एखाद्या चांगल्या लेथवाल्याला दाखवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या यंत्राचं दुखणं मन लावून ऐकणारे कारागीर भेटतात, गावोगावीही असतात. ब्रेकजवळची धूळ मात्र फुंकून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

सगळे सांधे घट्ट आहेत आणि तरी थरथर आहे, असं झालं तर कास्टर तपासा. किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, त्यामुळे चाक आपोआप सरळ राहायला बघतं. मूळ विलीजसाठी हा झुकाव ३ अंश आहे आणि टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे एक ते अडीच मिलिमीटरच्या दरम्यान. सपाट जमिनीवर चाकं सरळ ठेवून किंगपिनच्या टोपीच्या सपाट भागावर मोबाइलमधला कोनमापक ठेवला तर साधारण कल्पना येते. गंमत अशी की उंच जीपच्या हौसेपायी लांब शॅकल लावले जातात. शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असेल तर त्यामुळे हाच झुकाव कमी होतो. बिचारा मालक मग टाय रॉडला दोष देत फिरतो. उपाय म्हणजे जुने शॅकल परत लावणं, किंवा कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालणं. पाचर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची खडकाळ वाटेवर तडकते. जाड बाजू कुठे, हे कमान ॲक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरतं. किंगपिनचं वरचं टोक मागे जायला हवं, एवढा नियम पुरे. अतिरेक केलात तर पिनियन खाली झुकून प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याला जास्त कोनात फिरावं लागेल.

हे सगळं वाचून कोणी विचारेल, की स्टेअरिंग डॅम्पर लावला की थरथर बंद होते ना? होते. म्हणूनच मला तो शेवटी लावायला आवडतो. आधी लावला तर ढिल्या सांध्यांची खूण नाहीशी होते आणि सांधे झिजतच राहतात. टाय रॉडचा सांधा सुटेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही.

काम संपल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत जा. शंभरेक किलोमीटर झाले की कमानीचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाचर घातली असेल तर ते बसताना सैल होतातच.

पुढच्या आठवड्यात ट्रान्सफर केसची गळती. त्याआधी एक काम करून ठेवा : जीपखाली रात्रभर मोठा पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या जागा पेनानं आखून घ्या. सकाळी डाग कुठे पडले, काळे की पिवळट, बोटाला घट्ट लागतात की पातळ, गंधकासारखा वास येतो का, हे डागाशेजारीच लिहून ठेवा. भाग आठवा तो पुठ्ठा समोर ठेवूनच वाचायचा आहे.