आजोबांचा दावा शोधताना

आमच्या घरी एक हुकूमनामा आहे. आजोबांनी तो मेणकापडात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. 'कोर्टानं आपल्याला निम्मं दिलंय' हे वाक्य त्या कागदाच्या जोरावर घरात दोन पिढ्या चाललं. कागद इंग्रजीत टाइप केलेला, त्यामुळे तो कोणी वाचला नव्हता. सगळ्यांनी फक्त जपला होता. मागच्या वर्षी आत्याने आपल्या हिश्श्याचा विषय काढला आणि तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्यात आजोबा आणि त्यांचे भाऊ यांचा निम्मा-निम्मा हिस्सा लिहिला होता, आणि जमिनीचं वाटप कलेक्टरमार्फत व्हावं असं म्हटलं होतं. पण कोणता सर्व्हे नंबर कुणाचा, हे कुठेच नव्हतं. आत्या म्हणाली, "मला मागायचं नाही असं नाही गं, पण मागायचं काय ते तरी आधी कळू दे."

ते कळायचं तर कोर्टातले बाकीचे कागद हवेत. ते शोधताना जे समजलं ते इथे लिहिते, कारण बेळगाव भागातल्या कितीतरी घरांत अशी ट्रंक असणार.

पहिल्या फेरीत मी आजोबांचं नाव आणि गावाचं नाव घेऊन कोर्टात गेले. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या काकांनी शांतपणे विचारलं, "नंबर काय, साल काय?" आमच्या हुकूमनाम्यावरचा नंबर नेमका घडीवर फाटलेला. साल दिसत होतं, नंबराचे शेवटचे दोन आकडे गेलेले. "मग बाळ, हे कपाट बघ," असं म्हणून त्यांनी एका भिंतीकडे हात केला. मी परत आले. चूक माझीच होती.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे १९०८च्या सीपीसीचा, चौथा आदेश सांगतो की दाखल झालेला प्रत्येक दावा एका रजिस्टरमध्ये चढवायचा आणि दर वर्षी नव्याने, दाखल होण्याच्या क्रमाने, नंबर द्यायचा. म्हणून नुसता नंबर उपयोगाचा नाही आणि नुसतं सालही नाही, जोडी लागते. शिवाय नंबराआधीची अक्षरं लागतात. मुंबई इलाख्यातल्या जुन्या मराठी कागदांवर 'रे. मु. नं.' म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर असतो, इंग्रजीत त्यालाच आर. सी. एस. म्हणतात. कर्नाटकात आता ओ. एस. लिहितात. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी जी दरखास्त द्यावी लागते तिला वेगळा नंबर, अपिलाला आणखी वेगळा. एकाच भांडणाचे असे तीन-चार नंबर होतात, आणि घरातले लोक त्यांतला कुठलाही एक 'आपला केस नंबर' म्हणून सांगतात.

नंबर हरवला असेल तर आधी घरीच शोधावं. वकिलाचं पोस्टकार्ड, कोर्ट फीची पावती, बेलिफाने दिलेली समन्सची प्रत, काहीही चालेल. ते नसेल तर जमिनीचा जुना उतारा आणि त्यावरचे फेरफार काढावेत. हुकूमनाम्यावरून नाव लागलं असेल, तर फेरफारात तसा उल्लेख आणि बहुतेक वेळा दाव्याचा नंबर सापडतो. आम्हाला तो तिथेच सापडला, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात. (खूप जुने फेरफार मोडीत असतात. गल्लीत मोडी वाचणारे आजोबा असतील तर त्यांच्याशी चांगलं वागा.) कोर्टाच्या लिलावात जमीन विकली गेली असेल, तर विक्रीच्या दाखल्याची प्रत कोर्ट नोंदणी कार्यालयाला पाठवतं, तोही एक धागा आहे.

नंतर प्रश्न येतो, कोर्ट कुठलं? इथे आपल्या सीमाभागाचा इतिहास मध्ये येतो. १८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याखाली इथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज होते. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६४च्या कायद्यानंतर खालच्या कोर्टाला मुन्सिफ म्हणू लागले, पुढे तेही नाव जाऊन सिव्हिल जज्ज आलं. म्हणजे आजोबांच्या तोंडचा 'सबजज्ज' आजच्या पाटीवर शोधून मिळणार नाही. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापुरात गेला. तिथल्या जुन्या दाव्यांसाठी दोन्हीकडे विचारायची तयारी ठेवावी. अपिलांचंही तसंच. १९५६च्या आधीचं दुसरं अपील मुंबई हायकोर्टात, नंतरचं बंगळुरूला, आणि २००८पासून धारवाडला. अपील झालं असेल तर खालच्या कोर्टाचा हुकूमनामा पुरत नाही. शेवटच्या कोर्टाने काय ठरवलं तेच चालतं.

मोबाईलवर होत नाही का, असं माझ्या भावाने विचारलंच. होतं, पण अर्धं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा नंबराने शोधता येतं. 'निकाली' हा पर्याय निवडायला मात्र विसरू नका, नाहीतर फक्त चालू प्रकरणं दिसतात. हल्लीच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. सुरुवातीला राज्याची आणि जिल्ह्याची अक्षरं, शेवटी साल. तो हाती असेल तर बाकी काही लागत नाही. नावाने शोधताना स्पेलिंग बदलून बघा. एकच पाटील चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. पण आजोबांच्या काळातला दावा तिथे असेलच असं नाही. त्यासाठी रेकॉर्ड रूमच.

तिथे मागायचं काय, हे आधी ठरवून जावं. 'सगळी फाइल द्या' म्हणणं महागात पडतं, कारण नकलेचे पैसे पानांवर असतात. निकालपत्रात जज्जांनी कारणं देऊन काय ठरवलं ते असतं. हुकूमनामा म्हणजे त्याचा नेमका आदेश, एक-दोन पानांचा. दाव्यात वादीचं म्हणणं, कैफियतीत प्रतिवादीचं. पुराव्याच्या कागदांना निशाणी नंबर असतात. आणि रोजनामा, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, त्यात प्रत्येक तारखेला काय झालं याची ओळ असते. मला विचाराल तर पैसे कमी असतील तर हुकूमनामा आणि रोजनामा घ्या. कुठला कागद कधी आला आणि कुणी परत नेला, ते रोजनाम्यावरून कळतं. परत नेला हे महत्त्वाचं. दावा संपल्यावर मूळ दस्तऐवज हजर करणाऱ्याला परत मागता येतो. मूळ वाटणीपत्र कोर्टात असेल असं आपण धरून चालतो, आणि ते समोरच्याच्या कपाटात असतं.

उशीरही करू नये. जुन्या फाइलींतले कागद ठरावीक मुदतीनंतर नियमाने नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त टिकतात, साध्या अर्जांना आधी निरोप मिळतो.

नकलेचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. दाव्यातले पक्षकार किंवा त्यांचे वारस असाल तर नातं दाखवणारा कागद जोडा. तिऱ्हाइताला का हवंय ते शपथपत्रावर सांगावं लागतं. 'माहिती अधिकार टाकतो की' असं म्हणणारे भेटतील. कोर्टाच्या फाइलींच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्याव्यात, माहिती अधिकाराखाली नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि झेरॉक्सवर समाधान मानू नका. प्रमाणित नक्कलच पुढे पुरावा म्हणून चालते.

आता आमच्या कागदातल्या त्या कलेक्टरकडे येते. वाटणीच्या दाव्यात कोर्ट आधी हिस्से ठरवतं. घर किंवा प्लॉट असेल तर कमिशनर जाऊन मोजतो आणि अंतिम हुकूमनामा होतो. पण सरकारला सारा भरणारी शेतजमीन असेल, तर संहितेच्या ५४व्या कलमाप्रमाणे प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम कलेक्टरचं, म्हणजे आपल्याकडे डीसींचं आणि त्यांच्या हाताखालच्या कचेरीचं. त्यामुळे सर्व्हे नंबर लिहिलेला वाटप तक्ता आणि ताबे पावती कोर्टात नसतेच, महसूल खात्यात असते. हे कळेपर्यंत मी चुकीच्या इमारतीत तीन फेऱ्या मारल्या होत्या.

आणि तिथे काहीच झालं नसेल तर? साध्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांत मागावी लागते. वाटणीत मात्र हिस्से ठरल्यावर अंतिम हुकूमनामा करून मागायला मुदतीची आडकाठी नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये म्हटलं आहे. २०११मध्ये तर एका कुटुंबाच्या दाव्यात, अंतिम हुकूमनामा बाकी असताना, २००५च्या दुरुस्तीप्रमाणे मुलींचे हिस्से धरून आधीचा हुकूमनामा बदलता येतो असंही ठरलं. आमच्या प्रकरणाला यातलं काय लागू, ते वकील सांगतील. (वर्गातली ख्रिस्ती मैत्रीण हे ऐकून हसली. त्यांना लागू असलेल्या १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी पहिल्यापासून सारखेच.)

चौथ्या फेरीत पूर्ण नंबर आणि साल घेऊन गेले, तेव्हा त्याच काकांनी दरखास्तीचं रजिस्टर काढून दिलं. नोंद होती. शेरा होता 'कलेक्टरकडे रवाना'. परत आल्याचा रकाना कोरा.

आता अर्ज तहसीलदार कचेरीत दिला आहे. सोबत हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि दरखास्तीचा नंबर. अर्जावर पहिली सही आत्याची आहे, तिच्याखाली बाबांची.