परदेशी गिअर कटर घेण्याआधी

लेथचा एखादा गिअर तुटला की रामनगरचा कारागीर तो फडक्यात गुंडाळतो आणि खानापूरमार्गे बेळगाव गाठतो. तिथल्या उद्यमबागेत गिअर कापून देणारे आहेत. काम चांगलं होतं, पण एका नगासाठी मशीन लावायचं म्हणजे वाट बघणं आलं. सुपा धरणात बुडालेल्या गावांतली माणसं जिथे नव्याने वसली, त्या गावाला हेलपाटे नवे नाहीत म्हणा! तरी ज्याच्या पडवीत छोटा लेथ आणि मिलिंग मशीन आहे, त्याला वाटतंच की हा गिअर आपणच का कापू नये? मग मोबाईलवर चिनी कटरांचे फोटो दिसतात. आठ कटरांचा चकचकीत संच, लाकडी पेटी, किंमतही परवडणारी.

घ्यावा का? माझं मत असं की परदेशी स्वस्त कटर जरूर घ्यावा, पण आठांचा संच नको. हातातल्या गिअरला जो लागतो तो एकच घ्यावा, आणि तोही तुटका गिअर नीट मोजून झाल्यावर.

गिअर कटर म्हणजे दोन दातांमधल्या पोकळीच्या आकाराची फिरती करवत. ब्लँक डिव्हायडिंग हेडवर धरायचा, एक खाच पाडायची, ब्लँक थोडा फिरवायचा, पुढची खाच पाडायची. नेहमीच्या हेडचं प्रमाण चाळीसास एक असतं. तीस दात हवे असतील तर दर खाचेला हँडल एक पूर्ण फेरा आणि वर एक तृतीयांश फिरवायचं, म्हणजे पंधरा भोकांच्या वर्तुळावर पाच भोकं पुढे. कोकणातल्या जुन्या रहाटाला सुतार लाकडी दात ठोकायचा तेव्हा त्याला डोळ्याचा अंदाज पुरायचा, कारण तिथे दात सैल बसले तरी पाणी वर यायचं. लोखंडी गिअरला ती मुभा नाही. त्याच्या दाताची बाजू ठरावीक वक्र असावी लागते, आणि तो वक्र सगळा कटरच्या पोटात असतो. कटर चुकला की तुमची कारागिरी कितीही बारीक असो, गिअर चुकलाच.

चुकण्याची मुख्य जागा मापाची. आजचे बहुतेक गिअर मोड्यूलमध्ये असतात, तर जुन्या विलायती मशीनचे डीपीमध्ये, म्हणजे इंचाच्या हिशेबात. २५.४ ला डीपीने भागलं की मोड्यूल मिळतो. २० डीपी म्हणजे १.२७ मोड्यूल. बाजारात मिळतो सव्वा, म्हणजे १.२५ मोड्यूलचा कटर. फरक नखाएवढाही नाही, म्हणून मोह होतो. पण तीस दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास २० डीपीत ४०.६४ मिलिमीटर येतो आणि सव्वा मोड्यूलमध्ये बरोबर ४०. असे दोन गिअर एकमेकांत घातले तर फिरतील, पण कण्हत फिरतील, आणि झिजतील लवकर.

दुसरं माप प्रेशर अँगलचं. जुन्या गिअरांत साडेचौदा अंश सर्रास सापडतो, आता वीस अंश चालतो. बघून हा फरक ओळखणं कठीण. मात्र व्हर्निअरने तो पकडता येतो, आणि ही युक्ती मला फार आवडते. तुटक्या गिअरचे शाबूत राहिलेले चार दात व्हर्निअरच्या जबड्यात धरून माप घ्या. मग तीनच दात धरून घ्या. दोन्हींची वजाबाकी करा. सव्वा मोड्यूल आणि वीस अंश असेल तर उत्तर ३.६९ च्या आसपास येईल. २० डीपी, वीस अंशाला ३.७५ आणि २० डीपी, साडेचौदा अंशाला ३.८६. जबडे दाताच्या टोकावर न टेकता बाजूंना टेकले पाहिजेत. दोन-तीन ठिकाणी माप घ्यावं, कारण झिजलेला गिअर थोडं खोटं बोलतो. एवढं झालं की काय मागवायचं ते तुमच्या हातात आलं.

आता नंबर. एका मापाचे आठ कटर असतात, कारण बारा दातांच्या गिअरची पोकळी आणि शंभर दातांच्या गिअरची पोकळी सारखी नसते. तीस दातांसाठी २६ ते ३४ दातांचा कटर लागतो. डीपीच्या पद्धतीत त्याचा नंबर चार. पण मोड्यूलच्या अनेक संचांत नंबर उलटे चालतात, एक नंबर सर्वांत कमी दातांचा. तिथे हाच कटर पाच नंबर होतो, आणि चार नंबर मागवला तर २१ ते २५ दातांचा हाती येतो! म्हणून विक्रेत्याला नंबर सांगूच नये. ‘२६ ते ३४ दात, मोड्यूल अमुक, वीस अंश’ असं लिहून मागवावं, आणि कटरवर कोरलेला मजकूर दिसेल असा फोटो मागावा.

बोअर विसरू नका. परदेशी मेट्रिक कटर बहुधा १६, २२ किंवा २७ मिलिमीटर बोअरचे असतात, आणि जुन्या मशीनचा आर्बर एक इंची असू शकतो. अशा वेळी बुश घालून वेळ मारून नेण्यापेक्षा आपल्याच लेथवर २२ चा नवा आर्बर कातून घ्यावा. दिवसभराचं काम आहे, पण पुढच्या प्रत्येक कटरला उपयोगी पडतं.

मागवायचं कुठून? नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ॲपमध्ये अलीएक्सप्रेसही होतं, त्यामुळे तो सरळ रस्ता बंद झाला. दुसरीकडून थेट मागवलं तर कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअरवाल्याचा आकार धरून हिशेब करावा. फोटोखालची किंमत ही खरी किंमत नव्हेच. एकाच कटरसाठी, आधीच आयात करून ठेवलेल्या इथल्या दुकानदाराकडून जीएसटीच्या बिलावर घेणं मला सोयीचं वाटतं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांचा मोठा बाजार आहे. तिथे गेलात तर भारतीय बनावटीच्या कटरचीही किंमत विचारा. एका नगाला फरक सोसण्याजोगा असेल तर देशी घ्यावा.

कटर आला की लगेच स्टीलला लावू नका. बारीक कानस दातावर हलकेच ओढा. ती घसरली पाहिजे. चावली तर कटर मऊ आहे, परत पाठवा. मग ॲल्युमिनियम किंवा नायलॉनचा तुकडा घ्या. सव्वा मोड्यूल, तीस दातांना व्यास ४०, खाचेची खोली २.८१. पाच खाचा पाडल्या की मध्ये चार दात उभे राहतात. त्यांवरचं माप १३.४४ च्या किंचित खाली आलं पाहिजे. कटर फिरताना दोनच दात कापतायत असा आवाज आला तर आधी आर्बर तपासा, मग कटरला दोष द्या. ५० मिलिमीटर व्यासाच्या हायस्पीड स्टीलच्या कटरला साध्या स्टीलवर मिनिटाला सुमारे सव्वाशे फेरे पुरतात. छोट्या मिलिंग मशीनचा सर्वांत कमी वेगही कधी कधी याहून जास्त असतो, आणि मग स्वस्त कटर पहिल्याच गिअरला जळतो.

धार गेली तर फक्त दाताची पुढची बाजू घासायची, केंद्राच्या रोखाने. पाठ किंवा कड घासली की आकार गेला. अशी पुन्हा पुन्हा धार लावूनही आकार न बदलणारा कटर अमेरिकेत ब्राऊन अँड शार्पच्या जोसेफ ब्राऊन यांनी १८६४ च्या सुमारास काढला. आज चीनमधून येतो तोही त्याच तत्त्वावर चालतो. आणि जोयड्याचा पाऊस लक्षात घ्या. लाकडी पेटी ओल धरते. कटर तेलाच्या कागदात गुंडाळून, झाकण घट्ट बसेल अशा डब्यात ठेवावा.