टाकीतला कापूस

कर्ज काढून मोटार घेणाऱ्या माणसाला दोन आकडे तोंडपाठ असतात. एक गाडीची किंमत आणि दुसरा महिन्याचा हप्ता. महिन्याला पेट्रोल किती जाते असे विचारले की तो बायकोकडे बघतो आणि बायको खिडकीबाहेर. बँकेच्या नोकरीत टेबलाच्या अलीकडे बसून मी हे पुष्कळदा पाहिले. बँकेचा हप्ता पाच-सात वर्षांत फिटतो. पेट्रोलचा हप्ता गाडी दारात असेपर्यंत फिटत नाही.

आमच्या घाटंजीपुरते बोलू. वाघाडी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव, मुलूख कापसाचा. जिल्ह्याची कचेरी, मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, कशासाठीही यवतमाळ गाठायचे. अंतर सुमारे ४० किलोमीटर. ‘यवतमाळले जाऊन येतो,’ म्हणत माणूस गाडी काढतो. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला १६ धरले तर ५ लिटर. पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे, पण हिशेबाला सोपे म्हणून १०० रुपयेच धरू. झाले ५०० रुपये.

आता हाच हिशेब कापसात मांडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१ रुपये. लिटरभर पेट्रोलला किलोभर कापूस पुरत नाही. यवतमाळच्या एका फेरीत सहा किलोंहून अधिक कापूस धुरावाटे जातो. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणारी आणि लिटरला १५ देणारी गाडी ६० लिटर पिते. वर्षाचे ७२,००० रुपये, म्हणजे जवळपास ९ क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकले तरी समाधान मानणारे आपण. दोन एकरांचे सगळे उत्पन्न टाकीत ओतले जाते. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई अजून वजा व्हायची आहे.

भाव आपल्या हातात नाही. पेट्रोलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले आणि जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत आली. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या गाड्यांचे मायलेज थोडे घटते. आपल्या हाती उरतात ते लिटर.

ते मोजण्यापासून सुरुवात करावी. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहा आणि भागाकार करा. ‘पाचशेचं टाक’ म्हणणाऱ्याला हा हिशेब कधीच कळत नाही, कारण त्याच्या मते खर्च नेहमी पाचशेच असतो!

मग पायाकडे बघावे. गाडीसमोरच्या हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० च्या वेगाला जेवढा विरोध, त्याच्या चौपट १०० ला. इंधन बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ४५ ते ५५ चा वेग राखा असे सांगत आली आहे. पुढे गतिरोधक दिसत असताना वेग वाढवायचा आणि जवळ येताच ब्रेक दाबायचा, म्हणजे विकत घेतलेला वेग फुकट टाकायचा. चाकांतली हवा टायर थंड असताना तपासावी. हवा कमी असेल तर गाडी चिखलातून बैलबंडी ओढावी तशी कष्टाने चालते. एअर फिल्टर वेळेवर साफ करावा. आमच्या उन्हाळ्यातल्या फुफाट्यात तर जरा लवकरच. दुकानासमोर इंजिन चालू ठेवून गप्पा मारू नयेत. गावातल्या गावात दोन किलोमीटरसाठी गाडी काढणे सर्वांत महाग, कारण थंड इंजिन तापेपर्यंत जास्त पिते आणि तापते तोवर घर आलेले असते.

एवढे पाळून १५ चे १८ झाले, तर ६० लिटरांचे ५० होतात. वर्षाला १२,००० रुपये वाचले. दीड क्विंटल कापूस घरात राहिला.

आणि एस. टी. आहेच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिच्यात तिकीट नाही, ६५ ते ७५ वयाला अर्धे, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धे. पण दारात मोटार असलेल्या माणसाला स्टँडवर उभे राहायला संकोच वाटतो. लोक काय म्हणतील? लोक काही म्हणत नाहीत, तेही एस. टी.चीच वाट बघत असतात.

गाडी विकून टाका असे मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर यवतमाळपर्यंतच्या त्या ४० किलोमीटरला कुठलीच किंमत लावता येत नाही. त्या रात्रीसाठी गाडी दारात असावी, टाकीत पेट्रोल असावे आणि दवाखान्यात भरायला गाठीला पैसेही असावेत. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोघींनी खाऊन टाकू नये, एवढ्यासाठी हा हिशेब.