फुकट आहे, पण बेवारस नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेजारून विरजण मागून आणणे आपल्याला नवे नाही. चमचाभर विरजणाचे कोणी पैसे घेत नाही. पण समजा, एका काकूंनी विरजण देताना अट घातली, "घरात हवे तितके दही खा गं. पण बाहेर कोणाला दिलेस, तर ते कसे लावलेस तेही सांगायचे, आणि त्यांनीही पुढे याच अटीवर द्यायचे." दुसऱ्या काकू म्हणाल्या, "खुशाल ने. वाट, नाहीतर वीक. विरजण माझ्याकडचे होते, एवढे मात्र सांग." विरजण दोन्हीकडे फुकटच मिळाले, पण अटी वेगळ्या. आणि एकदा दुधात गेले, की कोणते विरजण कोणाचे, हे दह्याकडे पाहून कळत नाही.

संगणकाच्या जगातही असेच विरजण चालते. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि पुढे देता येते, त्याला 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअर म्हणतात. पण कोणालाही म्हणजे कसेही नव्हे. त्यासोबत परवाना असतो. पहिल्या काकूंसारखा परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८९ मध्ये आणला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आली. दुसऱ्या काकूंसारखा आहे एमआयटी परवाना. मूळ कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, बाकी काहीही करा, असे तो सांगतो.

आज कोणीही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत बसत नाही. वारंवार लागणारी कामे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार संचाला 'लायब्ररी' म्हणतात. ती वाटायची तर तिचे 'पॅकेज' बांधावे लागते. त्यावर नाव, आवृत्तीचा क्रमांक, परवाना आणि सोबत लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी असते. ही पॅकेजे एका मध्यवर्ती भांडारात राहतात आणि जगभरचे संगणक ती तिथून आपोआप उतरवून घेतात. परवान्याची चिठ्ठी मात्र फारसे कोणी वाचत नाही.

ती न वाचल्याने काय होते, हे मार्च २०२१ मध्ये दिसले. 'रूबी' या संगणकभाषेत 'माइममॅजिक' नावाची एक छोटी लायब्ररी होती. समोर आलेली फाइल चित्राची आहे, गाण्याची की कागदपत्राची, एवढेच ती ओळखे. फाइलीच्या नावावर विसंबता येत नाही; नाव कोणीही बदलू शकतो. खरी ओळख आत असते. उदाहरणार्थ, पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पुढे पी, डी, एफ ही अक्षरे असतात. अशा शेकडो खुणांची तयार यादी 'शेअर्ड-माइम-इन्फो' या दुसऱ्या प्रकल्पाकडे होती. माइममॅजिकने तीच आपल्या पॅकेजात ठेवली होती.

यादीवर परवाना होता जीपीएलचा, आणि पॅकेजच्या चिठ्ठीवर लिहिले होते एमआयटी. हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. अखेर यादीच्या सांभाळकर्त्याने चूक दाखवून दिली. माइममॅजिकच्या सांभाळकर्त्याने ती मान्य केली, नवी आवृत्ती जीपीएलखाली काढली आणि चुकीच्या चिठ्ठीच्या जुन्या आवृत्त्या २४ मार्चला भांडारातून काढून घेतल्या.

हेतू प्रामाणिक होता, पण परिणाम मोठा झाला. संकेतस्थळे उभारण्याची 'रेल्स' ही प्रसिद्ध चौकट याच लायब्ररीवर टेकलेली होती, आणि तीही सरळ नव्हे. रेल्सला फाइली साठवणारा एक भाग लागे, त्या भागाला 'मार्सेल' नावाचे पॅकेज लागे आणि मार्सेलला माइममॅजिक. रेल्स वापरणाऱ्या कितीतरी जणांनी हे नावही ऐकले नव्हते. चालू संकेतस्थळे चालूच राहिली. पण नवी मांडणी करायला जावे, तर भांडारात पॅकेज सापडत नाही, असा संदेश येऊ लागला. जगभरची कामे अडली.

प्रश्न दुहेरी होता. रेल्स स्वतः एमआयटी परवान्याखाली आहे. तिच्या पोटात जीपीएलचे पॅकेज आले, तर सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या यंत्रावर बसवून देणाऱ्या कंपन्यांनाही त्या अटी लागू होतात का, ही चिंता उभी राहिली. जीपीएलची ही अट सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना लागू होते. दही घरातच खाल्ले, तर काकूंची तक्रार नाही.

मग मार्ग कोणते? यादीच्या मालकांकडून वेगळी परवानगी घ्यायची. पण अनेकांचे हात लागलेल्या कामात प्रत्येकाची संमती मिळवणे कठीण. दुसरा मार्ग म्हणजे यादी पॅकेजमधून काढायची आणि वापरणाऱ्याच्या संगणकावर ती असेल तर तिथून वाचायची. माइममॅजिकने पुढे हाच धरला. तिसरा मार्ग म्हणजे सोप्या परवान्याची दुसरी यादी शोधायची. मार्सेलने तो स्वीकारला आणि 'अपाचे टिका' या प्रकल्पाची यादी घेतली. दोनच दिवसांत, २६ मार्चला, रेल्सच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि माइममॅजिकची गरज संपली.

यात खलनायक कोणीच नाही. यादीवाल्याने आपला हक्क मागितला, लायब्ररीवाल्याने चूक सुधारली. अशी पॅकेजे बहुधा कोणीतरी नोकरीधंदा सांभाळून, विनामूल्य चालवत असतो. पण पॅकेज मागे घेणे म्हणजे दुकानाच्या फळीवरचा डबा उचलणे नव्हे. त्यावर इतरांची घरे उभी असतात. २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज कर्त्याने एका वादातून काढून घेतले, तेव्हाही असाच गोंधळ उडाला. त्यानंतर त्या भांडाराने पॅकेज मागे घेण्यावर निर्बंध घातले.

यातून घेण्यासारखी शिस्त साधी आहे. दुसऱ्याची फाइल घेताना ती कोणाची आणि कोणत्या अटीवर मिळाली, याची त्याच दिवशी नोंद करावी. चिठ्ठीवरचा परवाना आणि आतला माल जुळतो का, हे प्रत्येक आवृत्तीच्या वेळी पाहावे. 'डेबियन' या लिनक्सच्या वितरणात प्रत्येक पॅकेजसोबत हक्कांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची रीतच आहे. आणि चूक निघालीच, तर शक्यतो आधी निर्दोष आवृत्ती द्यावी, विसंबून असलेल्यांना कळवावे, मग जुनी हटवावी.

वापरणाऱ्यांनीही एवढे करावे: आपल्या कामाच्या मुळाशी कोणाकोणाची पॅकेजे आहेत, ते एकदा खालपर्यंत उतरून पाहावे. फुकट मिळालेल्या वस्तूलाही मालक असतो. त्याने पैसे मागितलेले नसतात. आपला शब्द पाळला जावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.